सासऱ्यांची चढण

गुरुजी आपल्या जावयाशी बोलत नसत. भांडण म्हणावं असं काही झालेलं नव्हतं. एकुलती एक लेक ख्रिस्ती तंबूवाल्याशी लग्न करते म्हणाली तेव्हा ते ओरडले नाहीत की तिला दार बंद केलं नाही. "तुझा संसार, तू बघ," एवढंच म्हणाले. फक्त त्या दिवसापासून जावई नावाचा माणूस त्यांच्यापुरता हवेत विरून गेला. तो समोर बसलेला असला तरी ते लेकीकडे बघून म्हणायचे, "त्याला सांग, चहा निवतोय." लेक आत गेलेली असली तर भिंतीवरच्या घड्याळाला सांगायचे, "बाहेर गारठा आहे. लोकांनी गळ्याला काहीतरी गुंडाळून जावं." लेकी बोले सुने लागे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे लेकी बोले, जावया लागे, असा प्रकार होता.

गुरुजी यहुदी प्रार्थनाघरात शिकवायचे. उभा जन्म त्यांनी मुलांना मूळ भाषेतला धर्मग्रंथ वाचायला शिकवण्यात घालवला. अक्षराखालचं एक टिंब चुकलं तरी त्यांच्या कपाळावर आठी चढायची. जावई तंबू शिवायचा. तंबू, कनाती, दुकानांपुढची कापडी छपरं, मालगाड्यांवर टाकायच्या ताडपत्र्या. गल्लीत सगळे त्यालाच तंबू म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. तळमजल्यावर त्याचं शिवणाचं दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. स्वभावाने तो गरीब. "बोलत नसतील," तो बायकोला म्हणायचा, "पण गळ्याला गुंडाळायला सांगतात ना!"

त्या वर्षी थंडीत गुरुजींच्या छातीत कफ साठला आणि ताप उतरेना. दवाखान्यातल्यांनी जमेल ते केलं आणि मग सांगितलं की आता घरी न्या, औषधं चालू ठेवा, ऊब द्या, बाकी वयावर आहे. गुरुजी गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहायचे. तिथे त्यांना ठेवायचं कुणाच्या भरवशावर? म्हणून स्ट्रेचरवरून, अर्धवट ग्लानीत, त्यांना तंबूच्या दुकानावरच्या खोलीत आणलं. या घराचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडलेला नव्हता.

"शुद्धीवर असते तर आले नसते," लेक म्हणाली.

"शुद्धीवर नाहीत तोवर आणून घेतलं, ते बरं झालं," तंबू म्हणाला.

लेक औषधांच्या दुकानात कामाला होती. तिची रजा संपली आणि दिवसभराचं बघणं तंबूकडे आलं. खालचं मशीन त्याने कामावरच्या मावशींवर सोपवलं आणि हाताने करायची शिवण वर आणली. पलंगाशेजारी स्टूल टाकून तो दाभणाने जाड कापडाच्या कडा शिवत बसायचा. मधूनच औषध, पाणी, चादर बदलणं. खिडकीला पातळ पडदा होता. दुपारचं ऊन त्यातून गाळून येत असे आणि खोली दुधाच्या भांड्यात बुडवल्यासारखी दिसत असे. खालून मशीनची घरघर यायची, थांबायची, पुन्हा यायची, जणू लांबच्या दरीत वारा सुटलाय.

अशाच एका दुपारी गुरुजींनी डोळे उघडले. तापाने ते काचेसारखे झाले होते. आधी त्यांनी छताकडे पाहिलं, मग सरळ तंबूकडे.

"किती चढलो रे आपण?"

तंबूच्या हातातलं दाभण कापडात अर्धं गेलेलं तसंच राहिलं. खोलीत भिंत होती, घड्याळ होतं, पण गुरुजी त्यांच्याशी बोलत नव्हते.

"बरंच चढलो," तो म्हणाला. "दम लागला असेल तर थांबू."

"थांबू. पण तू पुढे जाऊ नकोस."

"नाही जात."

गुरुजींनी समाधानाने डोळे मिटले. तंबू कितीतरी वेळ टाका घालायचा विसरून बसला.

संध्याकाळी बायको आल्या आल्या त्याने तिला जिन्यातच गाठलं. "बाबा माझ्याशी बोलले."

ती खांद्यावरची पिशवी न उतरवता तिथेच उभी राहिली. "काय बोलले?"

"डोंगर चढतायत ते. मला सोबत घेऊन."

"अरे, तापात आहेत. कुणी दुसराच वाटत असशील तू त्यांना. कोण समजतायत तुला?"

"विचारलं नाही. विचारलं आणि नाव आठवलं, तर बोलायचे थांबतील."

ती हसली आणि मग तोंड फिरवून घाईघाईने वर गेली.

त्यानंतर चढण रोज सुरू झाली. सकाळी गुरुजी गप्प असायचे. ऊन पडद्यावर आलं की निघायचे. पांघरुणाच्या घड्या म्हणजे पायवाटा आणि उशी म्हणजे टेकायचा दगड. तंबू एका हाताने शिवत त्यांच्याबरोबर चालायचा. हळूहळू त्यालाही खोली तिरकी वाटू लागली. पाणी आणायला दारापर्यंत गेलं की उतारावरून आल्यासारखं व्हायचं, आणि परत पलंगाकडे येताना गुडघे भरून यायचे.

"लाकडं कुणाकडे आहेत?" एकदा गुरुजींनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आणि विस्तव माझ्याकडे. म्हणजे हा मोरिया डोंगर." हरवलेला रस्ता सापडल्यासारखे ते खूश झाले. "गोष्ट माहीत आहे ना?"

माहीत होती. ती दोघांच्याही घरची होती. देवाने अब्राहामाला सांगितलं, तुझा लाडका मुलगा डोंगरावर नेऊन मला अर्पण कर. बाप मुलाला घेऊन निघाला. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. सुरी उचलली तेव्हा वरून आवाज आला, थांब.

"झुडपात मेंढा सापडला," तंबू म्हणाला. "मेंढ्यावर भागलं. सुटले दोघे."

"सुटले?" तापातही गुरुजींची एक भुवई वर गेली. "नीट वाच. पुढे लिहिलंय की बाप डोंगरावरून परत आला. मुलगा परत आला असं लिहिलेलं नाही."

"मग मुलगा कुठे गेला?"

"वर्गात दरवर्षी हाच प्रश्न विचारायचो मी. कुणी म्हणतं, देवाने त्याला शिकायला पाठवलं. कुणी काही, कुणी काही." ते दम घेत राहिले. "मला वाटतं, बापाच्या बरोबरीने चालवेना त्याला. दुसऱ्या वाटेने उतरला असेल."

खालचं मशीन थांबलं. पडद्यावरचं ऊन जरासं सरकलं.

"मला मुलगी होती," गुरुजी म्हणाले. "तीही दुसऱ्या वाटेने उतरली."

या गोष्टीत आपण कोण, मेंढा की सुरी, याचा तंबूला अंदाज येईना. तो एवढंच म्हणाला, "फार लांब गेली नसेल. हाक मारली तर ऐकू येईल तिला."

गुरुजींनी हाक मारली नाही. पण त्या रात्री जेवताना तंबूने हे बायकोला सांगितलं, तेव्हा ती औषधाचा चमचा धुवायला उठली आणि नळ चालू ठेवून बराच वेळ मोरीपाशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सिनाय आला, देवाने मोशेला आज्ञा दिल्या तो डोंगर. तंबूला वाटलं होतं, आता चांगलीच उंच चढण लागणार. गुरुजी हसले. "उंच कसला! आमच्याकडची जुनी माणसं सांगतात, देव खाली उतरणार अशी बातमी फुटली, तेव्हा सगळे मोठे डोंगर धावत आले. माझ्यावर उतर, माझ्यावर उतर. लग्नाच्या फोटोत पुढे उभं राहायला आत्या-मावश्यांची रेटारेटी चालते ना, तशी. एक बुटका डोंगर तेवढा मागे गप्प राहिला. देव त्याच्यावर उतरला." हसता हसता त्यांना खोकला आला. तंबूने पाठ चोळली, पाणी पाजलं. खोकला ओसरल्यावर त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या घरी कोणता डोंगर सांगायचे?"

म्हणजे बरोबरचा माणूस दुसऱ्या घरचा आहे, हे गुरुजींना तापातही माहीत होतं. तंबू जरा सावरून बसला.

"आई एक सांगायची. येशू तिघा मित्रांना घेऊन डोंगरावर गेला. वर गेल्यावर त्याचे कपडे एकदम चमकायला लागले, धोब्याला जन्मात जमणार नाहीत असे पांढरे. आणि त्याच्याशी बोलत जुन्या काळचे संदेष्टे, मोशे आणि एलीया उभे. मित्रांची तर बोबडीच वळली. त्यातला एक कोळी होता. काय बोलावं ते त्याला सुचेना, म्हणून तो म्हणाला, आपण इथे तीन राहुट्या बांधू या, प्रत्येकाला एक."

"कोळी आणि राहुट्या बांधणार?"

"आईही तेच म्हणायची. म्हणायची, तुझ्यासारखाच तो. बोलता येत नाही, मग हाताला काम शोधतो."

"बांधल्या का?"

"नाही. ढग आला. ढगातून आवाज आला. मग पाहतात तर कुणीच नाही, येशू एकटा. खाली उतरावं लागलं."

गुरुजींनी डोळे मिटले. झोपले असं वाटून तंबूने सुई-दोरा उचलला.

"मोशे तिथे होता म्हणालास?"

"हो."

"आमच्या ग्रंथात त्याला देवाने कबूल केलेल्या देशात पाऊल टाकायची मनाई आहे. चाळीस वर्षं लोकांना तिकडे चालवत नेलं, आणि शेवटी नबो डोंगरावर उभं करून देवाने सांगितलं, बघून घे, तुला जायचं नाही. तिथेच मेला. तुमचा डोंगर आहे तो अलीकडे, देशाच्या आत." त्यांनी बोटाने हवेत एक रेघ ओढली. "म्हणजे पोचला म्हणायचा. गोष्ट तुमची, मला ती मान्य नाही. पण आमच्या म्हाताऱ्याला आत घेतलंत, हे बरं केलंत."

तंबू उठून खिडकीपाशी गेला. पडदा बाजूला न करताच तो बाहेर बघत राहिला.

मग एक दिवस गुरुजींचा श्वास बिघडला. आत कुणी ओली लाकडं ओढत नेतंय असा आवाज छातीतून यायला लागला. डॉक्टर येऊन गेले. औषध बदललं आणि म्हणाले, वाफ देऊन बघा, कफ सुटला तर सुटला. दाराशी जाऊन लेकीला हळूच म्हणाले, जवळच्यांना कळवून ठेवा.

"जवळचे म्हणजे आम्ही दोघंच," लेक म्हणाली.

ती औषध आणायला धावत दुकानात गेली. तंबू खाली उतरला. फडताळात एका मंडपातून उरलेलं पातळ पांढरं कापड होतं. मावशींनी मशीन रिकामं करून दिलं. त्याने मापही घेतलं नाही. त्या पलंगाची लांबी-रुंदी आता त्याच्या अंगात मुरली होती. शिवण मारली, कडांना दोरी ओवली, वर येऊन छताच्या कडीला मधला दोर बांधला आणि चारी टोकं पलंगाच्या पायांना ताणली. विजेची शेगडी दाराबाहेर ठेवली, तिच्यावर किटली, आणि किटलीच्या तोंडाला लांब रबरी नळी लावून ती राहुटीत पायथ्याशी सोडली. मग पडदा उचलून स्वतः आत गेला.

वाफ हळूहळू भरली. बाहेरचं ऊन पांढऱ्या कापडावर पडलं आणि आतून ते सगळं कापडच उजळलं. भिंत गेली, घड्याळ गेलं, खोलीचे कोपरे गेले. उरलं एवढंच, एक पलंग आणि सगळीकडे पांढरं.

"ढग आला," गुरुजी कुजबुजले.

"हो."

"मोजे काढ. इथे पायांत काही चालत नाही."

तंबूने पायांतले लोकरीचे मोजे काढून बाहेर सरकवले. फरशी बर्फासारखी होती.

गुरुजी हात वर उचलायला बघत होते. अर्ध्यापर्यंत यायचे आणि पडायचे. "धर," ते म्हणाले. "माहीत आहे ना? खाली लढाई चाललीय आणि मोशे टेकडीवर. त्याचे हात वर असले की आपली माणसं जिंकतात, खाली आले की हरतात. दोघांनी दोन बाजूंनी धरून ठेवले होते."

"इथे मी एकटाच आहे."

"मग एकटा धर."

तंबू पलंगावर चढून त्यांच्या पाठीमागे बसला. त्यांना उठवून छातीशी टेकवलं आणि त्यांचे दोन्ही कोपर आपल्या तळहातांवर तोलून धरले. म्हातारा किती हलका झाला होता! वाळत घातलेल्या कापडाला असतं तेवढंच वजन. पाठीतून छातीची घरघर तंबूच्या बरगड्यांत उतरत होती. लढाई कुठे चाललीय ते त्याला विचारावं लागलं नाही.

"दिसतंय?" गुरुजींनी विचारलं.

"काय दिसतंय तुम्हाला?"

"सगळं गाव. केवढंसं आहे! शाळा सुटलीय. पोरांनी टोप्या हातात घेतल्यात, बघ, डोकं झाका सांगून ऐकत नाहीत. ती वेण्या घातलेली माझी. एकटीच चाललीय, वाटेवरचा दगड पायाने उडवत." ते बघत राहिले. त्यांच्या आवाजातला सगळा ताण गेला होता. "छान आहे. आता तू उतर. इथून पुढे मी एकटा. मोशेलाही देवाने एकट्यालाच पुरलं, कबर कुणाला सापडली नाही. चांगली सोय आहे."

"मी नाही उतरणार."

"सांगितलेलं ऐकावं."

"खाली गेल्यावर तुमची लेक विचारेल, बाबा कुठे? काय सांगू मी? परत आले असं लिहिलेलं नाही, म्हणून?"

पांढऱ्या ढगात काही ऐकू येईना. किटलीची खदखदही लांब, दुसऱ्याच कुणाच्या घरातून आल्यासारखी.

"चढताना तुम्हीच म्हणालात, पुढे जाऊ नकोस," तंबू म्हणाला. "मी गेलो नाही. आता तुम्ही जाऊ नका."

गुरुजी उत्तर द्यायला गेले आणि त्यांना खोकला आला. आधी साधा, मग खोल, मग असा की सगळा पलंग हलला, दोर थरथरले, ओल्या कापडावरचे थेंब टपटप गळले. तंबूने कोपर सोडले नाहीत. गुडघ्याने तसराळं जवळ ओढलं. बराच वेळ ते चालू होतं. मग सगळं निवांत झालं, आणि छातीतून फक्त श्वास येत-जात राहिला.

लेक औषध घेऊन परत आली तेव्हा किटलीतलं पाणी आटलं होतं. तिने आधी शेगडी बंद केली. उतरत्या उन्हात कापडावर एकच सावली दिसत होती. तिने घाबरत पडदा उचलला. बाप नवऱ्याच्या छातीवर डोकं टेकून झोपला होता. नवरा त्याला धरूनच बसल्या जागी झोपला होता, अनवाणी. तिने बापाच्या कपाळाला हात लावला. घाम आला होता. ती पलंगाच्या कडेला जागा करून बसली आणि पडदा पुन्हा खाली सोडला.

ताप उतरला. गुरुजी पेज पिऊ लागले, चष्मा मागू लागले. एका सकाळी त्यांनी खोलीभर नजर फिरवली, दोऱ्यांची रिळं पाहिली, कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं पांढरं कापड पाहिलं, आणि लेकीला म्हणाले, "इथे कुणी आणलं मला?"

"आम्ही."

"हं. त्याला सांग, खिडकी लाव. वारा येतोय."

तो खिडकीपाशीच उभा होता. त्याने खिडकी लावली आणि खाली निघून गेला. त्या दिवशी मावशींनी त्याला दोनदा विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही. माणूस बरा झाला, याहून काय हवं होतं? आणि तरी त्याला सारखं वाटत होतं की वर कुणीतरी मेलंय आणि त्याचं सुतक पाळणारा तो एकटाच आहे.

बायकोला ते बघवेना. "तू सांगत का नाहीस त्यांना?"

"काय सांगू? तापात का होईना, तुम्ही माझ्याशी बोललात, असं?"

गुरुजी जेवायला टेबलाशी येऊन बसू लागले तेव्हाची गोष्ट. पहिला घास घेऊन ते म्हणाले, "त्याला सांग, मीठ कमी आहे."

लेकीने चमचा ताटात ठेवला. "बाबा, तो तुमच्या समोर बसलाय. तुम्हीच सांगा. मी काही टपालखातं उघडलेलं नाही." पिशवी उचलून ती जेवणावरून उठली आणि कामाला निघून गेली. जिन्यावर तिची पावलं जोरजोरात वाजली.

दोघं समोरासमोर राहिले. मिठाची बरणी मधोमध होती. कुणीच तिला हात लावेना. गुरुजींनी भिंतीकडे पाहिलं. मग ताटात बघत म्हणाले, "मी तापात काही बोलत होतो का?"

"डोंगराचं बोलत होतात."

"कोणत्या?"

"एक नव्हता. बरेच होते."

"आणि बरोबर कोण होतं?"

मी, असं म्हणणं किती सोपं होतं. तंबूने पाण्याचा घोट घेतला. "तुम्ही सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

गुरुजींनी एक घास कालवला. खाली मशीन सुरू झालं, एक लांब शिवण संपवून थांबलं.

"तोंड आठवत नाही," ते म्हणाले. "ढग होता फार. हात आठवतात. इथे, कोपराखाली." त्यांनी आपल्या कोपराला हात लावला. "खरखरीत होते."

तंबूने आपले हात टेबलाखाली घेतले. दाभणाने पडलेले घट्टे आपोआप अंगठ्याखाली आले.

"वर ठेव ते," गुरुजी म्हणाले. आणि तंबू बघतच राहिला तेव्हा जरा चिडून, "ठेव म्हणतो ना! आणि मीठ सरकव इकडे. तुझ्या हाताला चव म्हणून नाही."

माफी वगैरे कुणी मागितली नाही, तसलं काही त्या घरात चालतही नसे. गुरुजी आपल्या घरी परत गेले. जावयात काय काय उणं आहे ते आता थेट जावयालाच सांगू लागले, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ साठलेलं होतं. तंबू ऐकून घ्यायचा. कधी उलट बोलायचा. मग दोघांची चांगली जुंपायची आणि लेक कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत जायची.

उन्हाळा लागायच्या सुमारास गुरुजींनी फर्मान काढलं की एकदा बाहेर कुठेतरी मोकळ्यावर जाऊन येऊ. दिवस ठरेना. शनिवारी गुरुजी देवाचा दिवस म्हणून प्रवास करत नसत, रविवारी तंबूला सकाळी चर्चमध्ये जायचं असे. "दोघांच्या देवांनी लागून सुट्ट्या घेतल्यात," लेक म्हणाली, आणि तिने बुधवारी रजा टाकली.

बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक टेकडी होती, वाळक्या गवताची. अर्ध्या वाटेवर गुरुजींना दम लागला आणि ते एका सपाट दगडावर बसले. "तुम्ही जा वर. मी इथून बघतो."

दोघांपैकी कुणी गेलं नाही. तिघं त्याच दगडावर दाटीवाटीने बसले. लेकीने डबा उघडला, पाव आणि उकडलेली अंडी होती. खालच्या शेतांवरून ढगांच्या सावल्या सावकाश सरकत होत्या. एक टेकडीवर चढली, तिघांवरून गेली, क्षणभर गार वाटलं, आणि ती पलीकडे उतरली.

"काय नाव या डोंगराचं?" गुरुजींनी विचारलं.

"डोंगर कसला बाबा, टेकडी आहे. हिला कोण नाव ठेवतंय?"

"बरं आहे," गुरुजी म्हणाले, आणि दगडाच्या कडेवर आपटून अंडं सोलायला लागले.